घरचा पाठ आणि निरनिराळी मुले

(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षात भरलेल्या पालकसभेत केलेले भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, वेदी केव्हा नवी झाली, ह्या गोष्टींचे स्मरण होणे साहजिक आहे. आणि ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे केले आहे. आम्हां धर्मशिक्षणाचे वर्ग चालविणाऱ्या मंडळीस मात्र आईबापांपुढे चार शब्द बोलावयास सांगण्यात आले, आणि विषय दिला तो असा की, मुलांस घरी शिक्षण कसे द्यावे, व जी मुले इतरांसारखी शिकत नाहीत त्यांच्याकरिता त्या शिक्षणात काय फेरफार करावा. ह्यांपैकी पूर्वार्धावर प्रवचने पुष्कळ झाली आहेत. उत्तरार्ध क्वचितच कोणी बोलून दाखवितो. म्हणून आमचा बहुतेक वेळ आम्ही त्यासच देणार आहोत.

कारण असे आहे. प्रथम कम्युनियनच्या यादीत वर्षारंभी जितकी नावे असतात तितकी वर्षाअखेर नेहमीच असत नाहीत. एखादे नाव गळते. ते मूल आजारी पडलेले नसते, किंवा त्याचे घरचे गाव सोडून गेलेले नसतात. त्यास प्रश्नोत्तरी पाठ झालेली नसते, इतकेच. आई म्हणते, ‘पुढल्या वर्षी बघू.’ पुढल्या वर्षी ते मूल आपल्याहून लहान मुलांच्या रांगेत बसते, आणि पुन्हा तेच होते. मग रविवारी ती आई त्यास घेऊन देवळाच्या मागच्या दाराजवळ उभी राहू लागते. मूल मध्येच ओरडले तर चटकन बाहेर पडता यावे म्हणून. पुढे ती पहाटेच्या मिस्सेला एकटीच येते आणि मुलास आजीपाशी घरी ठेविते. कोणी तिला हाकलून दिलेले नसते. तरीही बाप्तिस्मा झालेला एक जीव आपल्या डोळ्यांदेखत मंडळीच्या बाहेर गेलेला असतो. हे एकाच धर्मग्रामाचे वर्णन नव्हे. धर्मशिक्षकांच्या मेळाव्यांस आम्ही जेथे जेथे गेलो तेथे तेथे हेच ऐकले.

आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक होत, ही शिकवण कोणा एका धर्मगुरूची लहर नव्हे. पोप अकरावे पियुस ह्यांनी ३१ डिसेंबर १९२९ रोजी शिक्षणाविषयी जे परिपत्रक काढिले त्यात कुटुंबाचा हा हक्क त्यांनी निक्षून सांगितला. आणि गंमत अशी की, त्यात त्यांनी अमेरिकेतील एका न्यायालयाचाही आधार घेतला. ऑरेगॉन राज्यात १९२२ साली असा कायदा झाला होता की, मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे. तेथे शाळा चालविणाऱ्या सिस्टरांनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अवैध ठरविला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावरील जाहीरनाम्यात हीच गोष्ट पुन्हा सांगितली. आणि १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यात, शब्दाने व उदाहरणाने मुलांस श्रद्धेचे वळण लावण्याची जबाबदारी इतरांच्या आधी आईबापांची आहे, असे ७७४ व्या कलमात आहे. शब्दाने आणि उदाहरणाने. पुस्तकाने असे तेथे म्हटलेले नाही, हे ध्यानी ठेवावे.

त्याच अमेरिकेत पुढे हजारो कॅथलिक कुटुंबांनी मुलांस शाळेतून काढून सर्व विषय घरीच शिकविण्याची रीत घातली. धर्माची काळजी हे त्यांतील एक कारण. दुसरे असे की, वर्गाच्या चालीने चालू न शकणाऱ्या मुलास घरी त्याच्या चालीने चालविता येते. आपल्या देशात २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने बहुविध किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलास घरी राहून शिकण्याचीही मुभा ठेविली. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा थोडे थोडे विषय घेऊन पाच वर्षांच्या मुदतीत देता येतात. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात जे २१ प्रकार मोजले आहेत त्यांत स्वमग्नता आहे, आणि वाचन-लेखनाची अध्ययन-अक्षमताही आहे. ही सर्व दारे आहेत, ती ठाऊक असावीत. तथापि आमचे मत विचाराल तर, मुलास शाळेतून काढावयाचे ते त्याच्या हितासाठी काढावे. शेजाऱ्यांच्या नजरेपासून लपविण्यासाठी काढू नये. घरी शिकविणे आणि घरात कोंडणे ह्यांत अंतर आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्यास ते पुष्कळदा दिसत नाही. आज आम्ही बोलतो आहोत ते मात्र शाळेत जाणाऱ्या व न जाणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या मुलांच्या घरच्या पाठाविषयी.

एका घराची हकीकत सांगतो. घर संतांचे आहे, म्हणून ते आपल्याहून सुखी होते असे समजू नये. फ्रान्स देशात आलाँसों गावी लुई मार्टिन हा घड्याळजी व त्याची पत्नी झेली राहत असत. झेली जाळीच्या लेसचा धंदा चालवी. त्यांस नऊ मुले झाली. त्यांतील चार लहानपणीच गेली व पाच मुली राहिल्या. सर्वांत धाकटी ती आपणां सर्वांस ठाऊक असलेली बालयेशूची संत तेरेज. तिचे पहिले धडे घरीच झाले. १८७७ साली आई वारल्यावर दुसरी बहीण पोलीन हिने तिला शिकविले. प्रश्नोत्तरी आणि पवित्र इतिहास तिला आवडे. व्याकरणातील पुल्लिंग-स्त्रीलिंग मात्र तिला रडवी. पुढे साडेआठ वर्षांची असता तिला सिस्टरांच्या शाळेत घातले, तो काळ तिने आपल्या आयुष्यातील अत्यंत दुःखाचा म्हणून लिहून ठेविला आहे. आणि तेराव्या वर्षी तिला तेथून काढून खासगी शिकवणी लावावी लागली. हीच मुलगी १९९७ साली धर्मसभेची आचार्या म्हणून घोषित झाली. व्याकरणाने रडणाऱ्या मुलांच्या आयांनी हे लक्षात ठेवावे.

परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते तेरेजविषयी नव्हे. तिची मोठी बहीण लिओनी हिच्याविषयी. पाच बहिणींत ही तिसरी. लहानपणी आजारांनी पिडलेली, अंगावर इसब, अभ्यासात मागे, आणि स्वभाव असा हट्टी की कोणाचे ऐकावयाचे नाही. मावशी मठवासिनी होती. तिच्या मठाच्या शाळेत तिला धाडिले. मावशीने शिकस्त केली. तरी मुलगी परत आली. पुन्हा धाडिली, पुन्हा परत आली. आईची पत्रे आज उपलब्ध आहेत, आणि त्यांत ह्या एका लेकीविषयीची काळजी पुनःपुन्हा येते. १८७७ सालच्या वसंतात, आई कर्करोगाने खंगत असता, थोरली बहीण मरी हिच्या ध्यानात आले की, घरची मोलकरीण ह्या पोरीस गुपचूप धाक दाखवीत असे, आणि आपलेच ऐकावे, आईचे ऐकू नये, असे तिला दटावून ठेवीत असे. इतकी धर्मशील माणसे, पण घरात चाललेले हे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते. आईने लिओनीस त्या बाईपासून सोडविले आणि आपल्यापाशी ठेवून घेतले. थोड्याच आठवड्यांत पोरीत फरक दिसू लागला. ती आईपासून क्षणभर दूर होईना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आई गेली. पुढे लिओनीने मठात राहण्याचा यत्न तीन वेळा केला व तिन्ही वेळा तिला बाहेर पडावे लागले. १८९९ साली चौथ्या वेळी ती काँ शहरातील मठात टिकली, आणि १९४१ साली तेथेच वारली. लुई व झेली ह्या पतिपत्नींस १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्रच संतपद मिळाले. आणि त्याच वर्षी लिओनीच्या संतपदाच्या कार्यासही आरंभ झाला.

आईने काही नवी शिक्षणपद्धती काढिली नव्हती. पोर हट्टी आहे असे सर्व म्हणत असता, ती हट्टी कां आहे हे तिने पाहिले, आणि आपल्या शेवटच्या महिन्यांतील वेळ तिला दिला. मूल शिकत नाही तेव्हा प्रथम हे पाहावे की, त्यास कसली भीती आहे काय, त्यास नीट ऐकू येते काय, नीट दिसते काय. कान व डोळे तपासून घेतल्याविना कोणाही मुलास मठ्ठ म्हणू नये. खरे तर तपासून घेतल्यावरही म्हणू नये.

वाचनाची गोष्ट आम्ही थोडी विस्ताराने सांगतो, कारण पुष्कळ घरांत तंटा होतो तो ह्याच ठिकाणी. बोलण्यात चलाख, हिशेबात बरे, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगणारे मूल पुस्तक हाती दिले की अडखळते. आईबाप म्हणतात, आळस. पण आपली लिपी लहान मुलाकडून काय काय मागते ते कधी पाहिले आहे काय? ज्या नावाने आपण ओळखले जातो तो ‘ख्रिस्त’ हा शब्दच घ्या. डोळ्यास प्रथम दिसते ती वेलांटी, परंतु उच्चारावयाची ती ख आणि र ह्यांच्या नंतर. र तर र सारखा दिसतच नाही. ख च्या पायाशी तिरपी रेघ होऊन बसतो. पुढे स अर्धा आणि त पुरता. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व ह्यांत भेद तो एका गाठीचा किंवा रेघेचा. बहुतेकांचा मेंदू हे सर्व न सांगता जुळवून घेतो. काहींचा घेत नाही. आणि तो घेत नाही ह्याचा बुद्धीशी संबंध नाही, हे आता वैद्यकशास्त्रास पक्के ठाऊक आहे. ह्यासच डिस्लेक्सिया म्हणतात. अशा मुलास दहा वेळा लिहावयास लावणे म्हणजे लंगड्यास शिक्षा म्हणून धावावयास लावणे होय.

मग करावे काय? आपल्या पणजोबांच्या शाळेत धूळपाटी असे. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर गिरवावयाचे. डोळा चुकला तरी बोटास वळण आठवे. आपण ती जुनाट म्हणून टाकून दिली. पुढे रोममध्ये मारिया माँटेसरी ह्या कॅथलिक डॉक्टरबाईंनी, ज्यांस लोक मंदबुद्धी म्हणत अशा मुलांसाठी काम करिताना, बोटाने स्पर्श करून अक्षर शिकविण्याची युक्ती योजिली. आणि ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी गरिबांच्या वस्तीत जे बालगृह उघडले तेथे खरखरीत कागदाची अक्षरे सर्वच मुलांच्या हाती दिली. अधू मुलांकरिता काढिलेली युक्ती सर्व मुलांस उपयोगी पडली, हे विशेष. १९३९ ते १९४६ ह्या काळात त्या हिंदुस्थानात होत्या. त्यांची पद्धत महागड्या साहित्यावाचून, शंखशिंपले, बिया, पाने ह्यांच्या आधारे चालविता येते, हे आपल्या जवळच बोर्डी येथे १९४५ पासून व पुढे १९५७ पासून कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी दाखवून दिले. आदिवासी पोरांच्या अंगणात जे साधले ते आपल्या ओटीवर कां साधू नये? परातीत बारीक वाळू किंवा तांदळाचे पीठ पसरा. मुलाचे बोट धरून ‘येशू’ लिहा. रोज दहा मिनिटे, अधिक नको. वाचताना ओळीखाली जाड कागदाची पट्टी धरा, म्हणजे खालच्या ओळी डोळ्यांत घुसत नाहीत. आणि धर्मशिक्षणाचा धडा तुम्ही वाचा, मुलाने ऐकावा. वाचनाचा पाठ वेगळा आणि धर्माचा पाठ वेगळा. दोन्हींची गाठ घातली म्हणजे मूल वाचनास कंटाळते आणि त्याबरोबर देवासही कंटाळते.

आपल्या पूर्वजांतील बहुतेकांस अक्षर येत नव्हते, तरी त्यांची श्रद्धा आपल्यापर्यंत पोचली. कशाने? कानाने. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले, आणि ते १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ते देवळांत मोठ्याने वाचून दाखवीत, आणि लोक ते ऐकून शिकत. मे महिन्यात आळीच्या क्रुसापाशी लदीन गाणारी आपली आजी कोणते पुस्तक पाहून गात असे? ज्या मुलास ओळ वाचवत नाही त्यास चाल लावून शिकवा. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना गाऊन पाठ झालेली मुले आम्ही पाहिली आहेत, ज्यांस ती बोलून तीन वर्षांत पाठ झाली नव्हती.

येथे भाषेविषयी एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही, मग कोणास राग आला तरी चालेल. घरी सामवेदी किंवा वाडवळी, देवळात ग्रंथांची मराठी, शाळेत इंग्रजी. आणि अलीकडे घरातही मोडकीतोडकी इंग्रजी. चलाख मूल ह्या तिन्हींतून वाट काढते. ज्यास एक भाषाच कष्टाने येते ते मूल तिन्हींच्या मध्ये बुडते. त्याच्याशी देवाविषयी बोलावयाचे ते आजीच्या बोलीत बोलावे. आर्सचे संत जॉन व्हियानी ह्यांस लॅटिन येईना, म्हणून धर्मगुरू होण्याची त्यांची आशा जवळजवळ संपली होती. एक्युलीचे धर्मगुरू बाले ह्यांनी त्यांस आपल्या घरी ठेवून शिकविले, आणि शेवटी त्याच घरी त्यांची परीक्षा लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये, म्हणजे मातृभाषेत, घेण्यात आली. १८१५ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. आज ते साऱ्या जगातील धर्मग्रामांच्या गुरूंचे आश्रयदाते संत आहेत. परीक्षा सोपी केली नव्हती. ज्या भाषेत त्यांस बोलता येत होते तीत ती घेतली, एवढेच.

काही मुले एका जागी बसतच नाहीत. त्यांस बसविण्यात आईची सगळी प्रार्थना खर्ची पडते. आमचे म्हणणे असे की, त्यांस बसवू नये. क्रुसाची वाट ही तर चालत चालत म्हणावयाची भक्ती आहे. जपमाळ हाताने मोजावयाची आहे. घरच्या सायंप्रार्थनेत मेणबत्ती लावणे, पवित्र पाण्याचे भांडे फिरविणे, मूर्तीपुढे फूल ठेवणे ही कामे त्याच मुलास द्या. नाताळचा गोठा त्यास बांधू द्या. झावळ्यांच्या रविवारचा क्रूस त्यास विणू द्या. आपली उपासना केवळ शब्दांची नाही हे आपण विसरतो. राख कपाळास लागते, तेल अंगास लागते, धुपाचा वास येतो, पाणी थंड लागते. बुद्धीने मागे असलेल्या मुलाकरिता देवाने जणू हे आधीच योजून ठेविले आहे, आणि आपण मात्र त्याच्या हाती प्रश्नोत्तरी देऊन बसतो.

स्वमग्न मुलाची अडचण ह्याच्या उलट असते. त्यास घंटा, ध्वनिक्षेपक, गर्दी, फटाके ह्यांचा त्रास होतो. कधी इतका की ते कान दाबून किंचाळते. लोक वळून पाहतात, आणि आईस धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे होते. अशा मुलास प्रथम रविवारी आणूच नये. मंगळवारी दुपारी, देऊळ रिकामे असता, आणावे. वेदी, दिवा, आपली ठरलेली जागा दाखवावी, आणि घरी न्यावे. असे काही आठवडे करावे. मिस्सेत काय कशानंतर येते ह्याची चित्रे एका दोऱ्यात ओवून त्याच्या हाती द्यावी, म्हणजे पुढे काय होणार ते त्यास कळते व धास्ती कमी होते. मग आठवड्यातील लहान मिस्सा, मग रविवार. जागा मात्र दर वेळी तीच. आणि इतर मंडळीस आमची विनंती एवढीच की, किंकाळी ऐकू आली तर वळून पाहू नका. तेवढे दान पुष्कळ आहे.

बहिऱ्या मुलांविषयी आम्ही थोडेच बोलतो, कारण त्यांच्या शिक्षणाचे काम जाणत्या हातांत द्यावे लागते. पण हे सांगावेसे वाटते की, त्या कामाचा इतिहास धर्मगुरूंनी भरलेला आहे. संत फ्रान्सिस दि सेल्स ह्यांनी मार्टिन नावाच्या बहिऱ्या गरीब माणसास खुणांनी धर्म शिकवून त्यास ख्रिस्तशरीर दिले. अठराव्या शतकात पॅरिसचे आबे दलेपे ह्यांस दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या, आणि ह्यांस देवाविषयी कोणी सांगावे ह्या विचारातून त्यांची प्रसिद्ध शाळा उभी राहिली. मुंबईतील बहिऱ्यामुक्यांची पहिली शाळा १८८० च्या दशकात बिशप लिओ मेरिन ह्यांच्या पुढाकाराने निघाली. प्रभूनेही तसेच केले होते. संत मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, बहिऱ्या व तोतऱ्या माणसास तो गर्दीतून बाजूस नेतो, त्याच्या कानांत बोटे घालितो, जिभेस स्पर्श करितो, आकाशाकडे पाहतो. त्यास शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून प्रभू आधी हाताने बोलतो. आणि अपंग मूल जन्मले की कोणाच्या पापाचे फळ म्हणून जे विचारतात त्यांनी संत योहानाचा नववा अध्याय उघडावा. शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, आणि आंधळ्याचेही नव्हे व त्याच्या आईबापांचेही नव्हे, असे उत्तर त्यांस मिळाले.

आता प्रथम कम्युनियनचा प्रश्न, ज्याकरिता हे सर्व बोलणे. पाठांतर न झाल्याने मुलास थांबवावे काय? पोप संत दहावे पियुस ह्यांच्या काळापर्यंत कित्येक ठिकाणी मुलांस दहा, बारा, चौदा वर्षे थांबवीत असत. त्यांच्या आदेशाने ८ ऑगस्ट १९१० रोजी निघालेल्या फर्मानाने ती रीत मोडली. त्यात सांगितले की, साधारण सातव्या वर्षी मुलास समज येते. धर्माचे पूर्ण ज्ञान त्या वेळी आवश्यक नाही. श्रद्धेची मुख्य तत्त्वे त्याच्या कुवतीप्रमाणे त्यास कळावी, आणि ही भाकर नेहमीच्या भाकरीहून वेगळी आहे हे त्यास ओळखता यावे. १९८३ च्या कायद्यातील ७७७ वे कलम म्हणते की, शरीराने किंवा बुद्धीने अधू असलेल्यांसही त्यांच्या स्थितीस झेपेल तितके धर्मशिक्षण मिळेल ह्याची काळजी धर्मग्रामाच्या गुरूने घ्यावी. अमेरिकेतील बिशपांनी १९९५ साली ह्याहून स्पष्ट केले: हा भेद मुलास कळतो हे त्याने तोंडाने सांगितलेच पाहिजे असे नाही, वागण्यावरून, हावभावावरून, नुसत्या आदरयुक्त मौनावरूनही ते दिसू शकते. आणि रोमने २०२० साली धर्मशिक्षणाची जी नवी मार्गदर्शिका काढिली तीत, दिव्यांगांस संस्कार नाकारण्याचा अधिकार कोणास नाही, असे आहे.

तेव्हा पाठांतर हे साधन आहे, उंबरठा नव्हे. पाठांतराची आम्ही निंदा करीत नाही. लहानपणी पाठ केलेले शब्द मरणाच्या बिछान्यावर उपयोगी पडतात हे आम्ही पाहिले आहे. ज्यास ते जमते त्याने ते करावे. ज्यास जमत नाही त्याची तयारी आईबापांनी घरी अशी करावी: जेवताना बापाने भाकर मोडून सर्वांस द्यावी, आणि सांगावे की येशूनेही अशीच मोडून दिली. मग देवळात, पवित्र भाकर वर उचलतात तेव्हा, मुलाच्या कानाशी एकच वाक्य म्हणावे, ‘हा येशू.’ दर रविवारी तेच वाक्य, दुसरे नाही. एके दिवशी मूल स्वतः हात जोडील, किंवा तुमचा हात दाबील, किंवा एरवी न थांबणारे मूल त्या क्षणी थांबेल. ते पाहिले की फादरांकडे या. काही मुलांस तोंडात कोरडी वस्तू सहन होत नाही. त्यांस अभिषेक न झालेल्या ओस्तीची चव आधी घरी करून द्यावी. अगदीच न जमल्यास लहानसा कणही पुरे, कारण त्यातही प्रभू पूर्णपणे आहे. आणि गिळताच येत नसेल तर कपातून थेंब देण्याचीही सोय आहे. हे फादरांशी आधी बोलून ठरवावे, वेदीपुढे नव्हे.

पापनिवेदनाच्या बाबतीतही चित्रे, खुणा, आईने लिहून दिलेला कागद, ह्या सर्वांस वाव आहे. तो विषय मोठा असल्याने आज सोडतो.

घरातील धडधाकट भावंडांस मात्र विसरू नका. आईचा सर्व वेळ एकाच मुलापाशी जातो हे त्यांस दिसते, आणि ती बोलत नाहीत. त्यांस त्या मुलाचे शिक्षक करू नका. आठवड्यातून एकदा त्यांनाच तेवढे घेऊन बाजारास जा, क्रुसापर्यंत चाला, काही करा.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. वाळूची परात, खरखरीत कागदाची अक्षरे, मिस्सेच्या चित्रांची माळ, लाकडाची लहान वेदी व तिच्यावरील भांडी असे साहित्य आम्ही काही जणांनी मिळून तयार केले आहे. सुताराने लाकडाचे पैसे घेतले नाहीत, त्याचे आभार. हे सर्व धर्मशिक्षणाच्या खोलीतील डाव्या कपाटात आहे. शनिवारी चार वाजल्यापासून आमच्यापैकी कोणी ना कोणी तेथे असतो. वहीत नाव लिहून कोणीही एक महिन्याकरिता घरी न्यावे. नाव लिहिताना मुलाच्या अडचणीचे नाव लिहावयाची गरज नाही. आणि ज्या आयांनी रविवारी येणे सोडले आहे त्यांच्यापैकी कोणी आपल्या आळीत असल्यास ही गोष्ट त्यांच्या कानी घालावी. किल्ली आमच्यापाशी आहे, आणि मंगळवारी दुपारी देऊळ रिकामे असते.